थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी

अकोल्याच्या माणसाला तापमान विचारू नये. तो आकडा सांगत नाही, सुनावतो. २६ मे २०२० ला अकोल्यात ४७.४ अंश झालं होतं, ही हकीकत माझे बाबा अशा थाटात सांगतात, जणू पहाटे उठून त्यांनीच पारा खांद्यावर घेऊन वर चढवला होता. सासर माझं अमरावतीचं. तिथे दोनेक अंश कमी भरतात आणि त्याचं सासरच्यांना मनातून वाईट वाटतं. "आमच्याइथं झाडं हायेत ना," असं सासूबाई म्हणतात, पण त्या सुरात समर्थन असतं, समाधान नसतं.

मे २०२४ च्या शेवटी तर अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लागलं. हे कलम दंगलीत लागतं, एवढंच आम्हाला तोवर माहीत. मजुरांना पाणी आणि पंख्याची सोय करा, दुपारचे शिकवणी वर्ग घेऊ नका, असा तो आदेश होता आणि चांगलाच होता. बाबांचं म्हणणं इतकंच, की नोटीस सूर्याच्या नावे निघायला पाहिजे होती. जमाव तर सगळा घरातच होता.

अशा या मुलखात आमच्या घराण्यात एकामागून एक सगळ्यांना ड जीवनसत्त्व कमी निघालं.

सुरुवात बाबांपासून झाली. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्टावर ११ हा आकडा आला. मिलिलिटरमागे ११ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, असं बहुतेक डॉक्टर धरतात. काही जण तीस झाल्याशिवाय समाधान मानत नाहीत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हा वैयक्तिक अपमान वाटला.

"म्या काटेपूर्णाच्या कालव्यावर उभ्यानं जन्म काढला, अन् मले ऊन कमी पडलं?"

"कालव्यावर सालातून दोन डाव," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "बाकी कुलरपुढं."

मग फोनाफोनी सुरू झाली. मामींना १४. धाकट्या काकांना १८, म्हणून ते दोन गुणांच्या कृपेची मागणी करू लागले. माझ्या नवऱ्याला ९, तेव्हा सासूबाईंनी यंत्रावरच संशय घेतला. खानदानात पास झाला एकच, दर्यापूरकडे शेती करणारा माझा चुलतभाऊ. त्याला ३४. शाळेत असताना हा सगळ्यांत ढ म्हणून गाजलेला, त्यामुळे काही नातेवाइकांना हा निकाल पचवायला फार जड गेला.

खरं तर त्यात नवल नाही. वऱ्हाडातला शहरी माणूस उन्हाचा भक्त नसतो, अभ्यासक असतो. कोणत्या गल्लीत किती वाजता कोणत्या बाजूला सावली पडते, कोणत्या चौकातल्या सिग्नलवर कडुनिंब आहे, हे त्याला पाठ. बाजार सकाळी नवाच्या आत, नाही तर दिवेलागणीला. मधल्या वेळात बाहेर पडायचंच झालं तर खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. अमरावतीच्या राजकमल चौकात मे महिन्यात उभं राहा. दुचाकीवरून गेलेली पोरगी आपली की शेजाऱ्याची, हे गाडीच्या नंबरावरूनच कळतं. डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्याला स्कार्फचे तीन वेढे, कोपरापर्यंत हातमोजे. सूर्याला या मुलीचा एक चौरस इंचसुद्धा सापडत नाही, आणि हे जीवनसत्त्व तर कातडीत तयार होतं.

त्यातही साधं ऊन चालत नाही. उन्हातला एक ठरावीक अतिनील पट्टा लागतो. तो काचेतून येत नाही, म्हणून गाडीच्या किंवा गॅलरीच्या बंद काचेआड शेकत बसून फक्त घाम मिळतो. सकाळच्या तिरप्या उन्हातही तो नावापुरताच उरतो, कारण किरणांना हवेचा जाड थर ओलांडून यावं लागतं आणि हा पट्टा वाटेतच गळतो. ठोकताळा असा, की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच कातडी कामाला लागते. पिढ्यान्‌पिढ्या आज्यांनी गायलेलं ते कोवळं ऊन मनाला प्रसन्न करतं, चार माणसं भेटवतं, पण या कामात जवळपास बिनपगारी आहे. उलट मेच्या २३ ते २६ तारखांच्या सुमाराला अकोला-अमरावतीत भर दुपारी सूर्य थेट टाळूवर येतो, सावली पायाखाली गडप होते, आणि ड जीवनसत्त्व आभाळातून फुकट उधळलं जात असतं. नेमकं तेव्हाच सरकार म्हणतं, घरात बसा. आणि बरोबर म्हणतं. हाडं मजबूत करायला गेलेला माणूस उष्माघाताने गेला तर मजबूत हाडांचं करायचं काय? त्यात आपली कातडी सावळी, म्हणजे गोऱ्या माणसाहून जास्त वेळ उन्हात हवी. आणि वय वाढलं की कातडीचं उत्पादनही घटतं.

दर्यापूरच्या भावाचा ३४ हा आकडा तसा शंभर वर्षं जुना आहे. १९२१-२२ मध्ये हचिसन नावाच्या डॉक्टरने, पटेल आणि शहा या सहकाऱ्यांबरोबर, आपल्या नाशकात मुडदुसाचा अभ्यास केला. त्यांना काय दिसलं? गरिबाघरी जेवण निकृष्ट, पण बायामुलं दिवसभर उघड्यावर राबणारी. त्यांच्यात मुडदूस दिसेना. खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांत दूध-तूप होतं, आणि वाकलेली हाडंही होती. त्याच १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम या शास्त्रज्ञाने मुडदूस बरा करणाऱ्या त्या सत्त्वाला नाव दिलं. ए, बी, सी आधीच वाटून झाले होते म्हणून डी. पुढे २००० साली दिल्लीतल्या एका अभ्यासात तर सैनिकांचं ड चांगलं आणि डॉक्टर-परिचारिकांचं कमी निघालं. ही बातमी मी बाबांना मुद्दाम वाचून दाखवली. तेव्हापासून डॉक्टरांकडे गेले की ते आधी डॉक्टरांचा आकडा विचारतात.

अमरावतीकर म्हणून मला एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिथली पोरं १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. उघड्या मैदानात, लंगोटावर मल्लखांब करणाऱ्या त्या पोरांना कुणी ड जीवनसत्त्वाची पुडी दिली नव्हती. पण माझ्या नवऱ्याने या वयात लंगोट लावून मैदानात जावं, असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मेडिकल बरं.

मेडिकलमध्ये गेल्यावर कळलं की ऊन आता पाच प्रकारांत मिळतं. दुधात घालायची पुडी, मऊ कॅप्सूल, चघळायची गोळी, लहानशा बाटलीतला एक घोट, आणि लहान मुलांसाठी थेंब. "वैनी, कोनतं देऊ?" मेडिकलवाल्या भाऊंनी साडीच्या दुकानात विचारावं तशा उत्साहाने काउंटरवर सगळं पसरलं. आठवड्याच्या पुडीवर साठ हजार युनिट असं लिहिलेलं असतं. हा आकडा वाचून सासूबाईंनी "एवढं?" म्हणून छातीवर हात ठेवला. पण चाळीस युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, या हिशेबाने साठ हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. पुडीतला बाकी ऐवज बहुतेक साखर आणि वास. आपण विकत घेतो ते जीवनसत्त्व डोळ्यांना दिसणारही नाही एवढं असतं. म्हणूनच ते बिघडलं तरी दिसत नाही.

निवडताना मी एकच शब्द शोधते, कोलेकॅल्सिफेरॉल. म्हणजे डी-३, आपली कातडी बनवते तेच. डी-२ नावाचा भाऊबंद यीस्टवर किंवा अळंबीवर अतिनील प्रकाश टाकून मिळतो. तोही कामाचा, पण रक्तातली पातळी वर नेऊन टिकवण्यात डी-३ सरस ठरतं. त्यापलीकडे के-२, मॅग्नेशियम, कोलॅजन, जिनसेंग अशी वरात एकाच गोळीत घातलेली असते, तिच्यापासून मी चार हात लांब राहते. डॉक्टरांनी ज्याचं नाव लिहिलं तेवढंच. भाऊ म्हणाले, "हे घ्या ना, ह्याच्यात सगळंच हाय." सगळंच असलेल्या गोष्टीत आपलं किती, हे कागदावर बारीक अक्षरात शोधावं लागतं, आणि ते वाचायला जो चष्मा लागतो तो त्या दिवशी घरी असतो.

निवडीतला खरा पेच माळकरी आत्याने टाकला. बाबांची थोरली बहीण, अकोल्याला जठारपेठेत राहते, कांदा-लसूणही न खाणारी. हे कशापासून बनते, असं तिने विचारलं. बाजारातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीच्या चिकटाईपासून तयार होतं. ती चिकटाई धुऊन काढतात, शुद्ध करतात आणि तिच्यावर अतिनील प्रकाश सोडतात. म्हणजे माणसाने उन्हात बसायचं टाळलं आणि ते काम मेंढीच्या लोकरीकडे गेलं.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मेंढीले मारत तं नाई ना?"

"नाही हो आत्या. लोकर कातरतात फक्त."

"मंग चालते. धनगर कातरतेच. अन् ते वरचं मऊ मऊ काय हाय?"

मऊ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचं. तिथे आत्याने हात वर केला आणि पुडीवर शिक्कामोर्तब झालं. बुरशी आणि शेवाळ यांच्या भागीदारीतून वाढणाऱ्या एका वनस्पतीसारख्या जिवापासूनही शाकाहारी डी-३ काढतात, आपलं मसाल्यातलं दगडफूल त्याच कुळातलं, हे मी उत्साहाने सांगून बसले. आत्याने त्या वर्षीच्या काळ्या मसाल्यात दगडफूल दुप्पट घातलं. जीवनसत्त्व वाढलं नाही, मसाला मात्र कडवट झाला.

आता ठेवायचं कुठे? सगळ्या पाकिटांवर एकच मजकूर असतो: थंड, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर, ३० अंशांच्या आत ठेवावे. काही पाकिटं २५ म्हणतात. हे वाक्य लिहिणारा माणूस मे महिन्यात अकोल्याला आलेला नसणार. तिथे पहाटेचं किमान तापमानसुद्धा कधीकधी तिशीच्या खाली उतरायला तयार नसतं. आणि वऱ्हाडात या तीन अटी एकत्र येत नाहीत. जे थंड असतं ते ओलं असतं, कारण ते कूलरसमोर असतं. जे कोरडं असतं ते तापलेलं असतं. आणि जे अंधारं असतं तिथे झुरळं आधीपासून राहायला असतात.

बाबांनी पुड्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या होत्या. फ्रिज थंड, म्हणून त्याचं डोकंही थंड, असा त्यांचा तर्क. फ्रिज आतली गरमी बाहेर फेकतो आणि त्याचं डोकं स्वयंपाकघरातल्या बऱ्यापैकी गरम जागांपैकी असतं, हे त्यांना पटवायला आईने तिथे विरजण लावून दाखवलं. चार तासांत दही. मग पुड्या फ्रिजच्या आत गेल्या. तिथे दुसरीच भानगड. दिवसातून वीस वेळा दार उघडणार, बाहेरची दमट हवा आत येऊन बाटलीवर दव धरणार, आणि ती बाटली पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बंद पुडीला फारसं काही होत नाही, पण गोळ्यांची उघडलेली डबी अशी ये-जा करू लागली की आत ओल शिरते. ड जीवनसत्त्वाचे चार वैरी आहेत: उजेड, उष्णता, ओल आणि हवेतला प्राणवायू. उन्हापासून जन्मलेल्या या बयेला उन्हाचंच वावडं, हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच झालं."

माझा नवरा पुडी गाडीच्या डिकीत विसरतो. दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीचं तापमान मी मोजलेलं नाही, पण त्यात एकदा चॉकलेट राहिलं होतं आणि ते नंतर ओतावं लागलं. मऊ कॅप्सूल अशा गरमीत लोचट होतात आणि एकमेकींना घट्ट धरून बसतात. चिकटलेल्या कॅप्सूल, रंग बदललेल्या गोळ्या, गोळा झालेली पुडी ही बिघाडाची दिसणारी लक्षणं. अशी दिसली तर द्या फेकून. याच कारणाने मे महिन्यात मी औषध कुरिअरने मागवत नाही; स्वस्त पडतं खरं, पण ते डबडं मूर्तिजापूर रोडवर कुठल्या टेंपोत किती तास भाजलं, हे बिलावर छापत नाहीत. गल्लीतल्या मेडिकलमध्ये एसी आहे, आणि पुड्या काचेच्या दर्शनी कपाटात उन्हासमोर मांडलेल्या नाहीत, एवढं पाहिलं की पुरे.

अमरावतीच्या घरी सासूबाईंनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. आमचं घर जुनं, परकोटाच्या आतलं, मातीच्या दोन हात जाड भिंतींचं. त्यातलं मधलं घर भर उन्हाळ्यातही बरं असतं, आणि त्या मधल्या घरात ज्वारीची कोठी. थंड, कोरडी, अंधारी. शिवाय कडुनिंबाचा पाला घातलेला, म्हणजे किडीचाही बंदोबस्त. त्यांनी पुड्यांचं पाकीट कोठीत ठेवलं. शास्त्राच्या दृष्टीने अख्ख्या वऱ्हाडात याहून चांगली जागा सापडली नसती. अडचण एवढीच, की वरून नवी ज्वारी ओतली गेली आणि पाकीट दोन क्विंटलच्या तळाशी गेलं. नवऱ्याचा कोर्स मधेच थांबला. पाकीट वर आलं ते पोळ्याच्या सुमाराला, ठणठणीत, एकही पुडी गोळा न झालेली.

साठवणुकीवर एवढा खल करून माझं मत असं झालंय, की औषधाची ताकद गरमीने जितकी जाते त्याहून जास्त विसरण्याने जाते. कंपन्या तशाही मुदत संपेपर्यंत पुरावं म्हणून थोडं जास्तीचं घालतात, दोन-चार दिवसांच्या तपनीने पुडी मरत नाही. आता आमच्याकडे ती मधल्या घरातल्याच लाकडी कपाटाच्या खालच्या खणात असते, मूळ पाकिटात, मुदतीची तारीख दिसेल अशी. पारदर्शक बरणीत काढून ठेवायची हौस मी बंद केली. दिसायला छान दिसतं, पण बरणी उजेडात ठेवण्यासाठीच घेतलेली असते.

कशासोबत घ्यायची, या बाबतीत मात्र वऱ्हाड जगाच्या पुढे आहे. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. २०१५ साली बोस्टनच्या संशोधकांनी पन्नास वयस्क माणसांना पन्नास हजार युनिट दिले, काहींना बिनतेलातुपाच्या जेवणासोबत, काहींना स्निग्ध जेवणासोबत. बारा तासांनी स्निग्ध जेवणवाल्यांच्या रक्तात ते सरासरी ३२ टक्के जास्त निघालं. हा अभ्यास मी घरात वाचायला नको होता असं नाही, पण जेवायच्या वेळी वाचायला नको होता. नवऱ्याने ताट पुढे केलं आणि पाटवडीच्या रश्शावरची तर्री बोटाने दाखवून म्हणाला, "अजून थोडी. वैद्यकीय कारणासाठी." तेलाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह असलं की त्या तेलात ए आणि डी मिसळलेलं असतं, हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि या घरात ते कुणी सांगणारही नाही. एक वाटी दूध किंवा चमचाभर तुपाचं वरण पुरतं. बोस्टनवाल्यांना तर्री अभिप्रेत नव्हती.

आत्या एकादशीला पुडी घेते. पुडीत साखर आहे आणि साखर उपासाला चालते, हा एक भाग. भगरीसोबत दाण्याची आमटी असते, म्हणजे स्निग्धही झालं, हा दुसरा. पण एकादशी पंधरा दिवसांनी येते आणि पुडी आठवड्याची, हे लक्षात आणून दिल्यावर तिने मधल्या आठवड्यांसाठी गुरुवार धरला, गजानन महाराजांचा. डॉक्टरांचं वेळापत्रक एक वेळ चुकेल, पंचांग ती कधीच चुकवत नाही.

गोड लागते म्हणून पुडी रोज घेणाऱ्या एका शेजाऱ्यांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. आठवड्याचं औषध त्यांनी रोजचं केलं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग किडनीच्या तपासण्या. जास्तीचं ड लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं आणि रक्तात कॅल्शियम वाढवत नेतं. म्हणून किती आठवडे घ्यायची, कधी थांबायचं, पुन्हा रक्त कधी तपासायचं, हे डॉक्टरांनाच विचारावं. आमच्या बाबांनी विचारलं. कोर्स संपल्यावर रिपोर्ट आला ३६. दर्यापूरच्या पुतण्यापेक्षा दोन जास्त. तो फोन त्यांनी स्पीकरवर लावला होता.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की यापुढे मेडिकलला पैसे द्यायचे नाहीत. हिवाळ्यात अकोल्याचं ऊन माणसात येतं, तेव्हा गच्चीवर बसायचं. सकाळी आठला शेजारचे सगळे निवृत्त लोक स्वेटर, कानटोपी घालून ओट्यावर शेकत असतात. बाबा त्यांच्याकडे कीव येऊन बघतात. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य जेमतेम ४६ अंश वर चढतो. म्हणजे बाराच्या आगेमागे थोडा वेळच सावली माणसाहून आखूड. तो मुहूर्त साधायला बाबा साडेअकराला अर्ध्या बाह्यांचं बनियन घालून, हातात शिवणकामाची टेप घेऊन गच्चीवर जातात. आधी स्वतःची उंची, मग सावली. हिशेब जमला की खुर्ची टाकून बसतात, पंचा मांडीपर्यंत सरकवून. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी आईला विचारून झालं, घरात काही बिनसलं का.

गच्चीवर त्या दिवसांत आईच्या मुंगवड्या वाळत असतात. पहिल्याच दिवशी ती जिन्याच्या दारातून ओरडून म्हणाली, "बसलेच हा तं वड्याईकडं ध्यान ठेवजा, कावये येतेत."